मुसळाला मोटर नाही

शिरपूर जैन
मंगळवार, दुपार

प्रिय बाबा,

रागातच लिहायला बसले आहे, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घ्या. परवा मेडशीला मी तुमचा फोन मधेच बंद केला, त्याचं मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. प्रयागबाईंच्या अंगणात, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर, स्पीकरवर तुम्ही मला विचारलंत, "जुना कॅमेरा काहून विकला वं? चांगला चालून राह्यला होता ना तो?" याचं उत्तर अंगणात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. एरवी फोनवर तर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि तुम्ही मोबाइल शिवमच्या हातात देता. मग तो मला समजावतो, जसं काही तो थोरला आणि मी धाकटी. म्हणून पत्र. हे तुम्हाला शेवटपर्यंत वाचावं लागेल आणि मधेच कोणाच्या हातात देता येणार नाही.

आधी एक गोष्ट सरळ सांगून टाकते, म्हणजे तुम्ही ती ओळींच्या मधे शोधत बसणार नाही. मला तुम्ही परत हवे आहात. दुकानात आणि कामावर. पोळा झाला आणि तुम्ही हाताच्या उपचारासाठी संभाजीनगरला शिवमकडे गेलात, तेव्हा महिनाभरात येतो म्हणाला होतात. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या, त्या लागूही पडल्या. आता ताटातलं सांडत नाही, चहाचा कप स्वतः धरता, हे सगळं मला तुमच्या सूनबाईकडून कळतं. तुम्हाला विचारलं की तुमचं एकच, "फोटोग्राफरचा हात गेला म्हंजे फोटोग्राफर गेला. दुकान तू पाह्य, मले नको बलावू." बाबा, आईनं या वर्षी वांग्याचा वाफा एकटीनं काढला. सकाळी भाजी शिरपूरच्या बाजारात देते आणि मग माझ्याबरोबर लग्नात लाइट धरायला येते. लाइट धरून ती ओळखीच्या बायकांशी गप्पा मारते आणि उजेड नवरीवर पडायचा तो जिलेबीच्या कढईवर पडतो. तुमच्याबद्दल ती चकार शब्द काढत नाही. ती बोलत नाही म्हणजे किती चिडली आहे, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता कॅमेऱ्याचं ऐका. तुम्हाला वाटतं मी हौसेनं हा बिनआरशाचा, मिररलेस कॅमेरा घेतला, वाशिमची पोरं घेतात म्हणून घेतला. त्या कॅमेऱ्यानं मला या हंगामात जेवढं रडवलं, तेवढं कोणत्याही सासूनं सुनेला रडवलं नसेल. आधी तर लेन्सांचंच घ्या. आपल्याकडच्या सगळ्या लेन्स जुन्या, त्या नव्या बॉडीला बसत नाहीत. मधे ॲडॉप्टरची एक कडी लावावी लागते. अकोल्याचा दुकानदार म्हणाला, "सगळ्या चालतात ताई, बिनधास्त राहा." मी राहिले बिनधास्त. घरी येऊन तुमची ती लांब, काळी, जड लेन्स लावली, जिला तुम्ही मुसळ म्हणता. कट्‌ करून बसली. उजेड बरोबर, चित्र सुंदर, पण फोकस काही होईना. बटण दाबते, काही नाही. पुन्हा दाबते, काही नाही. मला वाटलं तुमची लेन्स बिघडली. दोन रात्री मला झोप नाही, की बाबांच्या मुसळाला काय झालं आणि आता त्यांना सांगू कसं.

मुसळाला काहीच झालेलं नव्हतं. दुकानदाराला पुन्हा फोन केला तेव्हा त्यानं जीभ चावली. आपल्या जुन्या लेन्सला स्वतःची मोटर नसते. मोटर जुन्या कॅमेऱ्यात होती आणि तीच लेन्सला आतून फिरवायची. नव्या कॅमेऱ्यात ती मोटरच ठेवलेली नाही, कडीतही नाही. म्हणजे लेन्स बसते, दिसते, सगळं होतं, फक्त फिरवायची आपल्या हातानं. मी आयुष्यात हातानं फोकस केलेला नाही बाबा. मी हातात कॅमेरा घेतला तोवर सगळं आपोआप होऊ लागलं होतं. आईला सांगितलं तर ती वांगी निवडता निवडता म्हणाली, "उखळात डोस्कं घातलं ना, मंग मुसळाले काय भेतं?" माझ्या रडण्यावर तिचं हे उत्तर.

तर मी हातानं फिरवायला शिकायला लागले. कॅमेऱ्यात एक सोय आहे. जिथे फोकस बसला तिथल्या कडांवर तो लाल रेघा दाखवतो. वाचायला किती छान वाटतं. पहिल्याच लग्नात नवरीचा शालू लाल, मागचा पडदा लाल, मळवट लाल. मला काय कळणार कुठली रेघ कॅमेऱ्याची आणि कुठली नवरीची? सगळंच बरोबर दिसत होतं. घरी येऊन पाहते तर नवरी धूसर आणि मागचा पडदा असा खणखणीत, की त्याची ठिगळं मोजून घ्यावीत. मग रंग बदलून पिवळा केला आणि दुसऱ्या दिवशी हळद निघाली. आता निळा ठेवला आहे. निळ्या शालूची नवरी अजून भेटली नाही, देव तिला दूर ठेवो. त्यात सोयाबीनची मळणी सुरू होती. या कॅमेऱ्यात आरसा नसल्यामुळे लेन्स काढली की आतला सेन्सर उघडाच पडतो, आणि आपल्याकडे तेव्हा हवेत नुसता भुसा आणि कुटार. एका नवरदेवाच्या कपाळावर प्रत्येक फोटोत एक काळा ठिपका आला. त्याची मावशी म्हणाली, दृष्ट लागू नये म्हणून लावला असेल. मी हो म्हटलं. आणखी काय म्हणणार? बॅटरीचं तर नावच काढू नका. दुपारपर्यंत संपते, आणि मी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात मिक्सरचा प्लग काढून चार्जर लावते, आणि त्या बाया माझ्याकडे पाहतात.

अशा वेळी मला तुम्ही आठवता आणि आणखी राग येतो. मी शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी तुमच्याबरोबर लग्नाला यायचे. रिळाचा काळ होता. तुम्ही डोळा लावायच्या आधीच तुमचा डावा हात फोकसची कडी फिरवून मोकळा झालेला असायचा. आई भाकरी थापताना शेजारणीशी बोलत असते आणि भाकरी तिच्या हाताखाली आपली आपण गोल होते, तसं तुमचं चालायचं. एकदा मी विचारलं की तुम्हाला न पाहता कसं कळतं, तर म्हणालात की नवरी किती पावलांवर आहे ते मला पाहावं लागत नाही, कळतं. मला तेव्हा वाटलं सगळ्याच बाबांना कळत असेल. पुढे आपोआप फोकस करणारा कॅमेरा आला आणि तुमचा तो डावा हात लेन्सखाली नुसता टेकून राहू लागला. मी त्याच कॅमेऱ्यावर शिकले. म्हणजे जे खरं कसब होतं ते तुम्ही मला शिकवलंच नाहीत, कारण तेव्हा गरज नव्हती. आता गरज आहे तर तुम्ही संभाजीनगरला गॅलरीत बसून पेपर वाचता.

आता मेडशीचं. त्याच्या आदल्या दिवशी एक बारसं होतं. पाळण्यातलं लेकरू जरा कुठे झोपलं होतं, म्हणून मी कॅमेऱ्याचा आवाज बंद केला. हा कॅमेरा तसा करता येतो, पूर्ण मुका. फोटो निघतो आणि कोणाला कळतही नाही. लेकरू उठलं नाही, त्याची आई खूश झाली, आणि मी आवाज परत सुरू करायचं साफ विसरून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयागबाईंकडे रंजीताचं, म्हणजे त्यांच्या नातीचं, लग्न. त्यांच्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. वरात दारात यायच्या आधी, अंगणातल्या लिंबाखाली, घरची सगळी माणसं आणि मधे नवरी, असा एक फोटो. पोरगी घरची आहे तोवरचा. तो झाल्याशिवाय तिला मांडवाकडे नेत नाहीत. प्रयागबाई मधल्या खुर्चीत बसल्या, पदर नीट केला, हात गुडघ्यांवर ठेवले आणि दम रोखला. त्यांच्यामागे सगळ्यांनी दम रोखला. मी फोटो काढला. कोणी हललं नाही. मी आणखी काढले. कोणी हललं नाही. लहान पोरांचे गाल फुगलेले, जावई लाल व्हायला लागलेले, आणि प्रयागबाई डोळे वटारून माझ्याकडे बघतायत.

शेवटी त्यांनीच दम सोडला आणि म्हणाल्या, "अवं पोरी, काढ ना फोटो. आमी कवाच्या दम रोखून बसलो." मी म्हटलं, काढले आजी, खूप काढले. "कुठी काढले? खट तं झालंच नाही. मले काय येड्यात काढून राह्यली का?" मी मागचा पडदा दाखवला तर म्हणाल्या की एवढ्याशा टीव्हीत मले काय दिसते. आणि खरं सांगू का, पडद्यावर जे होतं तेही दाखवण्यासारखं नव्हतं. सगळे असे बसले होते, जसं काही कोणी त्यांना ओलीस धरलं आहे. मला तोवर आवाज बंद असल्याचं आठवलंच नव्हतं. वाटलं कॅमेराच गेला. मेनूत शिरले, एकात एक पानं, काही सापडेना. तिकडे बसस्टॅंडकडून वरातीचा बॅंड ऐकू यायला लागला. रंजीता उठायला लागली तर प्रयागबाईंनी तिचं मनगट धरलं. "खट झाल्याबिगर पोरगी उठनार नाही. गुलाबभाऊनं माह्या तिन्ही पोराइचे फोटो काढले, दरवेळी खट होये. हा मुका कॅमेरा कोनाचा आनला?" आई हातात लाइट घेऊन उभी होती. तिनं लाइट खाली ठेवला, त्यांच्या थोरल्या मुलाकडे वळली आणि म्हणाली, "फोन लावा त्याइले." तुमचं नाव तिनं पोळ्यानंतर पहिल्यांदा घेतलं, तेही न घेता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही फक्त ऐकलंत, पाहिलं मी. फोन स्पीकरवर टाकून माझ्या बाजूला धरला होता. तुम्ही आधी सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "वहिनी, मान जरा वर. रंजीताचा हात सोडा, ते काई पळत नाही. पाहा इकडं, मी काढतो आता." आणि फोनमधून आवाज आला, खट. अगदी तोच. प्रयागबाईंचे खांदे खाली आले. मागची सगळी रांग एकदम सैल झाली. पोरांच्या गालांतली हवा गेली. मग प्रयागबाईंनी त्या फोनकडे पाहिलं, त्यांना कळलं की आवाज मोबाइलमधून आला आणि गुलाबभाऊ तर तिकडे संभाजीनगरला, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. रंजीता त्यांच्याकडे वळून हसली. मी बटण दाबलं. तो एकच फोटो निघाला बाबा, आणि या हंगामातला मी काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे. मुसळाचा फोकसही नेमका बसला होता, कसा ते मला विचारू नका. त्यानंतर तुम्ही तो जुन्या कॅमेऱ्याचा प्रश्न विचारलात आणि मी फोन कापला.

घरी येईपर्यंत मी बसमध्ये त्या आवाजाचाच विचार करत होते. तो तुम्ही जिभेनं काढता. टाळूला जीभ लावून. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्याला तुमच्या कॅमेऱ्याचा आवाज समजलो, तो कॅमेऱ्याचा नव्हताच. कॅमेऱ्याआड तुमचं तोंड झाकलेलं असायचं. तुम्ही आधी जिभेनं खट करायचात, लोक फोटो झाला म्हणून मोकळे व्हायचे आणि ते मोकळे झाले की तुम्ही खरं बटण दाबायचात. मी लाइट धरून तुमच्या बाजूला उभी असायचे आणि मलाही कळलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "मले लग्नापासून माहीत हाये. माह्याच फोटोले शिकले ते." मग मला का नाही सांगितलं? दुकान माझ्या नावावर केलंत, चाव्या दिल्यात, गिऱ्हाइकांच्या ओळखी दिल्यात, आणि जी गोष्ट द्यायची तीच स्वतःजवळ घेऊन गेलात. कालपासून मी आरशासमोर जीभ वाजवून पाहते आहे. माझी बैल हाकल्यासारखी वाजते. आणि तुम्ही मला सांगता की हात गेला म्हणजे फोटोग्राफर गेला. परवा फोटो कोणी काढला मग? तुमचे दोन्ही हात तर तिकडे गॅलरीत होते.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. मी अकोल्याला गेले होते ती जुन्या कॅमेऱ्याचा पट्टा आणायला, बाकी कशालाही नाही. दुकानदार समोरच्या गिऱ्हाइकाला सांगत होता की या नव्या कॅमेऱ्यात सेन्सर जागेवर पक्का बसवलेला नसतो, हात हलला की तो उलटा हलतो आणि चित्र धरून ठेवतो. जुन्या लेन्सलाही चालतं, कडी लावली तरी. मी म्हटलं, दाखवा. पिशवीत मुसळ होतंच. ते लावलं, फोकस आपोआप होतो का हे बघायचं मला सुचलंही नाही, दुकानदारानंच तो जुळवून दिला, आणि भर दुकानात, सगळ्यांच्या समोर, मी माझा हात तुमच्यासारखा हलवला. मला तो हुबेहूब हलवता येतो बाबा. तुम्ही जायच्या आधी वर्षभर चहाच्या कपावर, शर्टाच्या गुंड्यांवर, मी दुसरं पाहिलंय काय? लोक माझ्याकडे बघत होते, दुकानदारानं मला पाणी हवं का विचारलं. तसाच हात हलवत मी रस्त्यापलीकडच्या औषधाच्या दुकानाच्या पाटीचा फोटो काढला. ती सोय बंद करून काढला तेव्हा नुसता पांढरा फराटा आला. सुरू करून काढला तेव्हा नाव वाचता आलं. कडा थोड्या हलल्या होत्या, खोटं सांगत नाही, पण नाव वाचता आलं. मी तिथेच उभ्या उभ्या जुना कॅमेरा विकून हा घेऊन टाकला. माझा हात स्थिर आहे, मला त्या सोयीची काय गरज? जुना माझा लाडका होता, त्याला दुकानाच्या काउंटरवर सोडून येताना मी रस्त्यात रडले. मनात होतं, नवा आधी नीट शिकेन आणि मग तुमच्या गळ्यात अडकवेन. तो मला शिकता येत नाही. त्याला न बघता फोकसची कडी फिरवणारा डावा हात लागतो, तो माझ्याकडे नाही. पुढच्या रविवारी धनजला लग्न आहे आणि मी त्यांना सांगून ठेवलंय की बाबा येतायत, मी लाइट धरणार आहे. काही फोटो हलतील. हलू द्या, माझे न हलता किती गेले ते तुम्ही आत्ताच वाचलंत. शनिवारच्या बसनं या. नाही आलात तर मी हा कॅमेरा विकून टाकेन, कारण तो तुमचा आहे आणि मला तो अजिबात आवडत नाही.

तुमचीच, आणि अजूनही तुमच्यावर चिडलेली,
शुभांगी